बाईसाहेबांची सावड

हिंगोलीहून औंढ्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर एक मळा आहे. विहीर, दोन आंबे, काळी जमीन. थांबून बघावं असं काही नाही. त्या मळ्याच्या उत्पन्नावर आसपासच्या गावांतल्या काही बायका म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातात. भाकरी करून घालतात, न्हाऊ घालतात, अंग चोळतात, घटकाभर बसतात. म्हातारं माणूस आपल्याच घरात, आपल्याच बाजेवर राहतं. मळा कुणी दिला असं विचारलं तर लोक सांगतात की एक मोठ्या घरची बाई होती, टेनिस खेळायची, हैदराबादेत चांदीचे पेले जिंकले होते, मरताना तिला पुण्य आठवलं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ती बाई पुण्याच्या वाटेला जाणारी नव्हती. देवळात गेली तरी पायऱ्या भराभर चढायची आणि भराभर उतरायची. मी तिच्या घरात दहा-अकरा वर्षं काढली आहेत, मला विचारा.

मी पुसेगावकडची. लग्नाला वर्ष होत नाही तोच नवरा तापानं गेला. दिराला मी जड झाले, माहेरी भावजयीला जड झाले. ना घरची ना घाटची. आमच्या गावचा एक गाडीवान कापूस घेऊन हिंगोलीच्या जिनात जायचा. त्यानंच मला छावणीतल्या एका बंगल्यावर आणून सोडलं. पलटण कधीच निघून गेली होती, पण त्या भागाला छावणी म्हणायची सवय लोकांना होती. मोगलाईतले, म्हणजे निजामाचे, बडे अंमलदार तिथल्या बंगल्यांतून राहायचे. आमचे साहेब त्यांतलेच एक, आणि त्यांची बायको म्हणजे बाईसाहेब. पोरबाळ नव्हतं.

बंगल्यामागं टेनिसची जागा होती. ती दर आठवड्याला शेणानं सारवायची आणि तिच्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारायच्या, हे माझं काम ठरलं. पहिल्याच दिवशी मी रेघा झकास मारल्या. पण नुसती पांढरी रेघ दारात काढली की घरात कुणी गेलंय असं आमच्याकडं समजतात. म्हणून मी चारी कोपऱ्यांवर हळद-कुंकवाची बोटं ओढली. संध्याकाळी पाहुणे आले, साहेब हसायला लागले. बाईसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "राहू दे. आज मी जिंकले तर हिच्यामुळे." आणि जिंकल्याच. बरोबरच्या तिन्ही पुरुषांना त्यांनी घामाघूम केलं. कासोटा घातलेलं पांढरं पातळ, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि तोंडावर असा राग की समोरच्यानं चेंडू मारायच्या आधीच हार मानावी. मला ती बाई तेव्हाच आवडली. इतकी रागीट बाई मी तोवर फक्त मोटेवरच्या भांडणात बघितली होती.

दिवाणखान्यात पेले मांडलेले होते. मी ते चिंचेनं घासायची. त्यांनीच मला फावल्या वेळात अक्षरं शिकवली. खोटं कशाला सांगू, प्रेमानं शिकवली नाहीत. चुकलं की पाटीवर बोट आपटायच्या.

मग साहेब गेले. बसल्या खुर्चीत छातीत कळ आली आणि गेले. पाठोपाठ लढाई सुरू झाली, खेळणाऱ्या अंमलदारांच्या बदल्या झाल्या, नवे आले त्यांना पत्ते आवडायचे. शिवाय विधवा बाईसमोर चेंडू मारायचा कसा, हाही प्रश्न असावा. कुणी बोलून दाखवला नाही, येणं बंद केलं. हैदराबादेहून साहेबांचे पुतणे न्यायला आले. बाईसाहेब म्हणाल्या, "तिथं मला एक खोली द्याल आणि वेळेवर चहा पाठवाल. मी येत नाही." तशाच राहिल्या.

त्यानंतरची वर्षं आठवली की मला एकच आवाज ऐकू येतो. रोज संध्याकाळी त्या तबेल्याच्या भिंतीवर चेंडू मारायच्या. चेंडू भिंतीवर आपटायचा, परत यायचा, त्या पुन्हा मारायच्या. अंधार पडून चेंडू दिसेनासा झाला की आत यायच्या, टेबलाशी बसून एकट्या जेवायच्या. मी स्वयंपाकघरात चुलीशी जेवायची. मध्ये एक भिंत. घरात दोघी होतो आणि दोघीही एकट्या होतो, पण मालकीण आणि कामाची बाई यांनी जवळ बसावं अशी रीत नव्हती, आणि ती मोडायची हिंमत दोघींतही नव्हती. एकदा भिंतीपुढं खेळताना त्या पाय मुरगळून पडल्या. त्यानंतर त्यांचा उजवा गुडघा धड राहिला नाही. मी विचारलं की म्हणायच्या, "काही नाही झालं." मी विचारायचं सोडून दिलं.

पुढं गडबडीचं वर्ष आलं. राज्य कुणाचं राहणार यावरून सगळी मोगलाई पेटली होती. गावंच्या गावं रात्रीतून उठून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघाली. वारंग्याच्या फाट्याकडून माणसं, गुरं, डोक्यावर गाठोडी, अशी रांग लागलेली असायची. एक गोष्ट मात्र त्या रांगेत कमी दिसायची. म्हातारी माणसं. ज्यांना चालवत नव्हतं ती मागं राहिली होती. काहींना लेकांनी ठेवलं, काहींनी स्वतःच सांगितलं, तुमी जा, घराला कुणीतरी पायजेच.

बंगल्याच्या मागच्या अंगाला, कयाधूच्या काठावर धनगरांची वस्ती होती. तीही गेली, मेंढरांसकट. एका घरातून तेवढा सकाळी धूर निघायचा. बाईसाहेब व्हरांड्यात चहा घेताना तो बघायच्या. एके दिवशी धूर निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला भाकरी आणि वरण बांधायला सांगितलं, आणि काठी घेऊन निघाल्या. मी मागोमाग.

घरात एक म्हातारी बाजेवर पडलेली होती. कंबर मोडलेली, हात-तोंड मात्र शाबूत. इतके दिवस फरफटत चुलीपर्यंत जायची, पण सरपण संपलं म्हणून चूल पेटली नव्हती. मी पाणी दिलं, ते ती गटागट प्यायली. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. भाकरी पुढं केली तर तिनं फडकं बाजूला सारलं.

"मी भिकारीन हाय का? माझं लेक हाय. मेंढरं घेऊन गेलं हाय वऱ्हाडात. येईन."

"येईल तोवर खा," बाईसाहेब म्हणाल्या.

"काहून खाऊ? तू कोन माझी?"

बाईसाहेबांना असलं उत्तर आयुष्यात कुणी दिलं नसेल. त्या तणतणत परत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. म्हातारीनं पुन्हा फडकं सारलं. दोघीही हट्टाला पेटलेल्या, आणि मध्ये भाकरी वाळत होती. शेवटी म्हातारीच दमली. म्हणाली, "सावड करत असशील तं ये. फुकटचं मला पचनार न्हाई."

सावड ही आमच्या शेतकऱ्यांची जुनी रीत. आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. पैसा नाही, उपकार नाही. ज्याच्या अंगावर सावड आहे त्यानं ती फेडायचीच, आणि ज्याला द्यायची त्यानं घ्यायचीच. बाईसाहेबांनी रानात कधी खुरपं धरलेलं नव्हतं, पण गोष्ट त्यांच्या लगेच ध्यानात आली. "म्हणजे चेंडू समोरून परत यायला हवा," त्या म्हणाल्या. म्हातारीला चेंडूचं काय कळणार. तिनं मान हलवली आणि भाकरी ओढून घेतली. चार दिवसांची उपाशी, पण चावून चावून, मानानं जेवली.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सूत जमलं. छे. बाईसाहेब रोज जायच्या, म्हातारीला न्हाऊ घालायच्या, चूल पेटवायच्या. भाकरी त्यांना थापता येत नव्हती, ती मी थापायची. म्हातारीची सावड फेडायची वेळ आली की म्हणायच्या, "राहू द्या आजी, माझं काही काम नाही." मोठ्या घरची माणसं अशीच बोलतात. आपण देत राहायचं, घेताना मात्र हात मागं. चार-सहा दिवस म्हातारीनं ऐकून घेतलं. मग एका सकाळी तिनं ताट पालथं घातलं.

"घेनार न्हाईस तं देऊ बी नको. ही सावड न्हाई, ही भीक झाली."

"पण मी घेऊ तरी काय तुमच्याकडून?"

मेंढरं गेली होती, म्हणजे कातायला लोकरही नव्हती. म्हातारीकडं दोन हात होते, बास. तिनं बाईसाहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला बसता येईना. उंबऱ्यावर बसताना धरून बसतीस. गुडगा दुखून राहिला न्हवं?"

बाईसाहेबांनी पाय पोटाशी ओढून घेतला.

"जवसाचं तेल हाय त्या कोनाड्यात. पोरी, कोमट कर. आन तू, पाय इकडं दे."

बाईसाहेबांचा चेहरा असा कडक झाला की मला वाटलं, आता उठून जाणार. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पातळ गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाय बाजेवर ठेवला. म्हातारीनं तळवे तेलात बुडवले आणि चोळायला लागली. गुडघ्याच्या वाटीच्या कडेकडेनं अंगठा फिरवत, हळू, पुन्हा जोरात. गुडघा चांगला सुजलेला होता. बघता बघता बाईसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. दुखलं म्हणून नव्हे, ते मला कळलं. म्हातारीलाही कळलं असावं. तिनं वर बघितलंच नाही.

परत येताना बांधावर त्या थांबल्या. मला म्हणाल्या, "साहेब गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता."

इतकी वर्षं एका छपराखाली राहून मलाही ते कधी सुचलं नव्हतं, आणि मला तरी कुणी लावला होता?

तिथून पुढचे महिने त्यांच्या आयुष्यातले सुखाचे असतील असं मला वाटतं. बाहेर दुनिया जळत होती आणि ह्या बाई रोज सकाळी नदीकाठी निघालेल्या. एक दिवस त्यांची सावड, एक दिवस म्हातारीची. म्हातारीला येता येत नव्हतं, म्हणून तिच्या दिवशीही बाईसाहेबच जायच्या आणि पाय पुढं करून बसायच्या. दोघींचं पटायचं असं नाही. म्हातारी त्यांच्या बुटांना नावं ठेवायची, बाईसाहेब तिच्या तंबाखूला. पण एखाद्या दिवशी पावसानं वाट चिखलली आणि जाता आलं नाही, तर बाईसाहेब दिवसभर घरात फेऱ्या मारायच्या. भिंतीवर चेंडू मारायचा त्यांनी सोडूनच दिला होता. आसपासच्या वाड्यांतून आणखी म्हातारी माणसं मागं राहिल्याचं कळलं, तेव्हा मी आणि नवऱ्यांनी टाकून दिलेल्या गावातल्या दोन बायका तिकडं जायला लागलो. ज्वारी बाईसाहेबांच्या मळ्याची. सगळीकडं बोली एकच, सावडीची. कुणी वाती वळून द्यायचं, कुणी वाकळ शिवून, कुणी नुसतं त्या बायकांच्या पोराबाळांना सांभाळायचं.

भादव्यात राज्य बदललं. लोक परतायला लागले. नदीकाठी पुन्हा मेंढरांचा कालवा ऐकू आला तेव्हा मी हरखले. बाईसाहेबही हरखल्या. "आजींचा मुलगा आला," म्हणाल्या. आदल्या दिवशी म्हातारीनं गुडघा चोळला होता, म्हणजे आज ह्यांची सावड. गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी घेऊन आम्ही निघालो.

दारात सून उभी होती. अंगणभर मेंढरं, एवढा गलका की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना. म्हातारीची बाज मागच्या खोलीत नेलेली होती. लेक पुढं आला, हात जोडले. माणूस वाईट नव्हता, उन्हात चालून पाय फुटलेले होते.

"तुमचे लई उपकार, बाईसाहेब. पर आता आमी आलो."

"मी भेटून जाते त्यांना."

सून म्हणाली, "लोकं आधीच बोलून राहिलेत. लेक असून माय दुसऱ्याच्या हातानं जेवली म्हनून. आता तुमी तकलीफ नका घेऊ."

त्यांचंही चूक नव्हतं. आमच्यात लेक-सून जिवंत असताना म्हाताऱ्याच्या तोंडी परक्याचा घास जाणं म्हणजे गावानं त्या घरावर थुंकणं. बाईसाहेबांनी पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवली आणि वळल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "माझी सावड राहिली की गं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. सुनेनं दारातूनच नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी निघाल्या आणि बांधापर्यंत जाऊन परतल्या. ज्या बाईनं तीन-तीन पुरुषांना हरवलं, तिला एका धनगराच्या सुनेला ओलांडता आलं नाही. मी म्हटलं, "मी जाऊन सांगते आजीला, ती बोलवील." म्हणाल्या, "नको. तिच्या घरात भांडण नको." मग त्या व्हरांड्यात बसायला लागल्या. धूर बघायच्या. दिवसातून कितीदा तरी मला विचारायच्या, "आजी बाहेर आणून बसवलेल्या दिसतात का गं?" मला काही दिसायचं नाही. कधीकधी मी खोटंच व्हय म्हणायची.

दसऱ्याच्या सुमारास ताप धरला तो गेलाच नाही. पुतणे आले, हैदराबादला चला म्हणाले. बाईसाहेबांनी मान फिरवली. "मला वकील आणून द्या." वकील आला, पलंगाजवळ खुर्ची टाकून बसला. मळा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाणाऱ्या बायकांना, असं त्यांनी सांगितलं.

"ज्यांना कुणी नाही अशांसाठी?" वकिलानं विचारलं.

"नाही. ज्यांना लेक आहे, सून आहे, त्यांच्यासाठीसुद्धा. आणि म्हाताऱ्यानं उलट काही द्यायचं आहे, ते घेतलं पाहिजे. तेही लिहा."

पुतण्याला हसू आलं. वकिलाला ते कसं लिहावं कळेना. पण बाईसाहेब त्याच्याकडं अशा बघत होत्या की त्यानं मुकाट लिहिलं.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी त्या गेल्या. मी अंग पुसायला पाणी तापवायला गेले होते. तेवढ्यात गेल्या. परत आले तर तोंड नदीच्या बाजूला होतं. पाणी तापलेलं होतं म्हणून मी अंग पुसून घेतलं, सावकाश, पहिल्यांदाच. मग पुतण्यांना हाक मारली.

तेरावं झालं, पुतणे गेले, बंगल्याला कुलूप लागायचं होतं. मला जायला जागा नव्हती. सकाळी उठले, सवयीनं भाकरी थापल्या आणि नदीकाठी निघाले.

सून मेंढवाडा झाडत होती. मला बघून सरळ झाली. मी म्हटलं, "बाईसाहेब गेल्या. त्यांची एक सावड राहिली व्हती तुमच्या घरी. ती फेडाया आले."

तिनं खराटा खाली टाकला. आमच्यात मेलेल्या माणसाची सावड कुणी नाकारत नाही. घरचा गडी मेला तर त्याची बायको, भाऊ, जो कुणी असेल तो दुसऱ्याच्या रानात जाऊन उभा राहतो, आणि रानवाल्याला त्याच्या हातात खुरपं द्यावंच लागतं. नाकारलं तर मेलेल्याचं ओझं आपल्या घरावर येतं. सून दारापाशी आली आणि मला वाट देऊन बाजूला झाली.

मागच्या खोलीत अंधार होता. म्हातारी वाळून गेली होती. मला ओळखलं आणि आधी माझ्या मागं बघितलं.

"ती कुटं हाय?"

मी भाकरी सोडायला लागले.

"लेक आलं तसं तिनं येनं सोडलं. म्या काय केलं तिचं? रोज सुनेला सांगून राहिले, तेल कोमट कर, ती येईन. एवढा काहून राग धरला म्हनावं?"

उशाशी तेलाची वाटी होती. तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. मेंढरांच्या गलक्यात आम्ही दोनदा येऊन गेलो हेही नाही, आणि बाई गेली हेही नाही. मग मला सांगावं लागलं. म्हातारी रडली नाही. मी पाणी आणलं, तिला न्हाऊ घातलं, लुगडं बदललं, भाकरी दुधात कुस्करून भरवली. मधे सून दारात येऊन बघून गेली. म्हातारी सगळं जेवली. सावडीचं होतं ते.

जेवून झाल्यावर तिनं हात पुसले. "तिचं फिटलं," म्हणाली. "आता माझं मी कुनाकडं फेडू?"

बंगला बंद होणार होता. पुसेगावला माझी कुणी वाट बघत नव्हतं. मी भांडी आवरत होते, तीच हातात धरून बसले.

"इकडं ये," ती म्हणाली. "पाठ कर. केस सोड."

आई गेल्यापासून माझ्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. मी बाजेला टेकून खाली बसले आणि अंबाडा सोडला. तिनं उशाची वाटी उचलून सगळं तेल माझ्या टाळूवर ओतलं आणि बोटं घातली. मी हमसून हमसून रडायला लागले. म्हातारीनं माझं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं.

"मान हालवू नको," म्हणाली.